खळ्यावरची हवा

आमच्या कोसबीटोल्यात वारा हा शब्द कोणी वापरत नाही. वारा शाळेच्या पुस्तकात असतो. झाडं हलवते ती हवा, धान उडवताना भुसा नेते ती हवा, आणि माणूस नाकातून आत ओढतो तीही हवाच. म्हणून माझा नवरा हरिदास छातीवर हात ठेवून "हवा पुरून नाई राह्यली" म्हणायचा, तेव्हा शेजारची गुणाबाई आधी कडुनिंबाकडं पाहायची आणि म्हणायची, "हो ना बाप्पा, पान हालत नाई आज."

हरिदास बावीस वर्षं घुग्घुसकडच्या एका सिमेंटच्या कारखान्यात मोटर वाइंडर होता. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तांब्याची तार उपसायची, नवी गुंडाळायची. त्याचं शेड सिमेंट भरायच्या जागेला लागून होतं. घरी यायचा तेव्हा भुवया, मिशा, कानातले केस सगळे पांढरे. मी म्हणायची, "आले वो, म्हातारे होऊन आले." तेव्हा ती हसायची गोष्ट होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी छाती खरंच म्हातारी झाली. डॉक्टरनं फोटो काढला, खिडकीकडं धरून बराच वेळ पाहिला, आणि आम्ही गावी परत आलो. कुरखेड्याहून आत, दोन नाले ओलांडून. पोरगी रिना नागपूरला दिलेली, घरात आम्ही दोघं आणि एक वाफेचं मशीन.

ते मशीन दिसायला खेळण्यासारखं. त्याच्या वाटीत औषध टाकायचं, बटण दाबायचं, नळीतून वाफ येते, ती मुखवट्यातून ओढायची. दिवसातून चार वेळा. वाफ घेतली की हरिदास जेवायचा, टेकून झोपायचा, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा. नाही घेतली तर खाटेवर गुडघे धरून पुढं वाकून बसायचा आणि बोलणं बंद. तोंडात मारायचा पंपही होता, पण पंपातलं औषध आत ओढायलाही हवा लागते, आणि तीच तर नव्हती.

मशीन करंटवर चालतं. आमच्याकडं पावसाळ्यात करंट म्हणजे पाहुणा. मागच्या श्रावणात लाईन नऊ दिवस गेली. चौथ्या दिवशी हरिदासला खाटेवर घालून चौघांनी नाल्यापार नेला. रपट्यावर, म्हणजे नाल्यातल्या ठेंगण्या पुलावर, गुडघाभरच पाणी होतं म्हणून नेता आला. तिकडं डॉक्टर म्हणाला, "पुढचा पावसाळा असा काढू नका." मग कसा काढायचा, ते सांगायला त्याला वेळ नव्हता. बाहेर रांग होती.

सौर दिव्याची एक प्लेट होती आमच्याकडं. पण आषाढात ऊन म्हणजे तीही करंटचीच बहीण.

चैतात एका सकाळी हरिदास वाफ घेऊन झाल्यावर म्हणाला, "रिनाची माय, पावसात ऊन नसते. पण हवा तं असते."

"असते. मंग?"

"मंग मले थे टेकरावरचं लोखंड पायजे."

गावाच्या पश्चिमेला टेकर आहे. त्याच्यावर एक पवनचक्की होती. म्हणजे पवन होता, चक्की गेलेली. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधी कोण्या योजनेत विहिरीचं पाणी ओढायला ती उभी केली होती. विहीर आटली. मग चाकाचे पत्रे एकेक करून लोकांच्या कोंबड्यांच्या खुराड्यांवर जाऊन बसले, आणि उरला तीस फुटांचा चार पायांचा लोखंडी मनोरा. त्याच्यावर घारी बसायच्या. ग्रामसभेत हरिदासनं तो मागितला. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गावाले काय देशीन?"

"सगळ्याईचे फोन चार्ज करून देईन."

त्यावर काहींनी दोन्ही हात वर केले.

पुढचे दीड-दोन महिने आमचं अंगण म्हणजे कारखाना. एका भंगारातल्या जीपच्या पुढच्या चाकाचा हब आणला, कारण त्याचे बेअरिंग चांगले होते. दोन जाड लोखंडी तबकड्या. रिनानं नागपुरातून चुंबकं पाठवली. पार्सल आलं ते मी खाटेवर ठेवायला गेले, तर ते माझ्या हातातून सुटून लोखंडी खाटेच्या पायाला जाऊन चिकटलं आणि सोडवायला दोन माणसं लागली. गुणाबाई लांबूनच म्हणाली, "माधवी, तुह्या पोरीनं भूत पाठवलं का वो डब्यात?"

तार गुंडाळायचं काम हरिदासचं. पण हँडल फिरवायला दम लागतो. म्हणून मी फिरवायची आणि मोठ्यानं मोजायची, तो दोन बोटांत तार धरून ताणून ठेवायचा. नऊ कॉइली, एकेकीला नव्वद वेढे. मी हमखास पन्नाशीच्या पुढं चुकायची. चुकले की तो काही बोलायचा नाही, नुसतं एक बोट वर करायचा. म्हणजे पहिल्यापासून. सव्वीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं इतका वेळ समोरासमोर कधी बसलो नव्हतो. तो शिफ्टमध्ये, मी शिलाईत. आता बसलो होतो तर मध्ये फक्त आकडे.

पाती केली बिरजूनं. बिरजू गावचा सुतार, नांगर-जू करणारा. हरिदासनं त्याला पुठ्ठ्यावर वळण काढून दिलं. बिरजूनं शिवणीचं हलकं लाकूड निवडलं आणि तासत बसला. मध्येच मान वर करून म्हणाला, "हरिदासभाऊ, एवढं पातळ केलं तं याच्यानं पोळ्याही लाटल्या जाणार नाई."

"पोळ्या नाई लाटायच्या. हवा कापायची हाय."

"हवा कापून काय करता?"

"खातो."

बिरजूची म्हातारी माय सुकरी तिथंच मोहफुलं निवडत बसलेली असायची. ती खूप हसली. नंतर हसू थांबवून तिनं हरिदासकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग प्रश्न आला जागेचा.

हरिदास म्हणाला, "टेकरावर ठेवलं तं तार लई लांब होते. अर्ध्या वाटेतच करंट मरते. घराजवळ पायजे. पण घराजवळ हवा कुठी लागते, थे तू सांग. तुले मालूम."

मला मालूम होतं. गावात कोणत्याही बाईला विचारा, हवा कुठं लागते. आमच्या घरामागं खळं आहे. कापणी-मळणी झाली की पूसात, म्हणजे पौषात, सगळ्या घरांचं धान तिथं उडवतात. सूप डोक्याच्या वर धरायचं, हळूहळू हलवायचं. दाणा पायाशी पडतो, भुसा हवेबरोबर जातो. हवा नसेल तर बाई सूप धरून नुसती उभी राहते, हात भरून येतात. म्हणून खळं हवेवरच करतात. पूर्वेकडून धानशेतांच्या बांध्या मोकळ्या, मध्ये आडवं काही नाही. घुग्घुसला राहत होतो तेव्हाही धान लावायला आणि उडवायला मी दरवर्षी गावी यायचीच; सव्वीस वर्षं मी तिथं उभी राहिले होते. हवा कोणत्या घटकेला सुटते, कधी दम खाते, किती दुरून येताना ऐकू येते, सगळं तोंडावर झेललेलं.

"खळ्यावर," मी म्हटलं.

"नक्की?"

"सुपाची शपथ. त्याच्याहून बरी हवा गावात कुठी नाई."

गुणाबाईनं मान डोलावली. सुकरीनं डोलावली. पाण्याला आलेल्या बायांनी घागरी खाली ठेवून डोलावली. जागा माझ्या घरामागं, तार साठ हात. याच्याहून सोपं काय असतं.

टेकरावरचे नटबोल्ट गंजून एक झाले होते. त्यांना डिझेल पाजत तीन दिवस गेले. मनोऱ्याचे तीन तुकडे सुटले. खालच्या पायांचे चार बोल्ट मात्र जुन्या काँक्रिटमध्ये तसेच उभे राहिले. बारा माणसं तुकडे खांद्यावर घेऊन उतरली. वाटेत सुकरी कुडाला टेकून उभी होती. ओरडली, "कोणाचं मयत चाल्लं रे?"

"लोखंडाचं, माय!" बिरजू ओरडला.

खळ्यावर पाय पुरायची वेळ आली तेव्हा कोणीतरी म्हणालं, दोन बोऱ्या सिमेंट आणू. हरिदासनं हात हलवला. "सिमेंट नको. बावीस वर्सं खाल्लं म्या. आता माह्या हवेच्या पायात नको." मग येनाच्या लाकडाचे चार खुंट पुरले, दगड ठोकले, त्यांनाच मनोरा आवळला.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात चाक फिरलं.

खोटं कशाला बोलू, मी रडले. तीन पाती सुरुवातीला एकेक दिसत होती, मग दिसेनाशी झाली आणि नुसती एक पांढुरकी तबकडी वर थरथरत राहिली. दुपारची गरम हवा पश्चिमेकडून येत होती. खळ्याच्या पश्चिमेला जंगलखात्यानं लावलेला सागाचा प्लॉट आहे. उन्हाळ्यात त्याच्या नुसत्या काड्या, हवा त्यातून गाळून यावी तशी येत होती. मीटरचा काटा सरकत सरकत गेला. ट्रकच्या जुन्या बॅटरीवर हरिदासनं मशीन लावलं, वाफ घेतली, मुखवटा काढला आणि म्हणाला, "अंबाडीच्या भाजीत मीठ जास्त झालं सकाळी."

गावभरचे फोन आमच्या ओसरीत. चार्ज झालेला फोन न्यायला येणारा प्रत्येक जण दोन घटका बसायचा आणि चाकाकडं पाहायचा. गुणाबाईकडं फोन नव्हता, तीही येऊन बसायची. "माहं मनच चार्ज कर," म्हणायची.

मृग लागला. पाऊस आला. बांध्या भरल्या, धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले. आणि चाक हळू झालं.

आधी वाटलं, आज हवा नसेल. दुसऱ्या दिवशीही नव्हती. हवा होती खरं तर. ढग पळताना दिसत होते. पण चाक म्हाताऱ्या बैलासारखं अर्धा फेरा मारायचं आणि थांबायचं. काटा पडलेला.

"काय झालं वो याले?" मी विचारलं.

हरिदास वर पाहत होता. मग म्हणाला, "माह्याच वाइंडिंगमधी गडबड हाय वाटते. एखादी कॉइल शॉर्ट झाली असन."

बिरजूला वर चढवून जनरेटर खाली काढला. हरिदासनं अंगणात पोतं टाकलं, तबकड्या उघडल्या आणि दोन दिवस एकेक कॉइल घेऊन बसला. मीटर लावायचा, डोळ्याजवळ धरायचा, कुठं वार्निश खरवडायचा, परत लावायचा. त्याला खाली वाकून बसवत नव्हतं. दर दहा मिनिटांनी हात टेकायचा. परत वर चढवलं, तरी तेच. आठ दिवसांनी पुन्हा उतरवलं.

दुसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर आलेला, गुणाबाईच्या बांधीत मला जायचं, घरात हे. मी म्हटलं, "बावीस वर्सं काय शिकले मंग तुम्ही तिथी? नुसतं सिमेंट खाल्लं?"

बिरजू शिडी धरून उभा होता. त्यानं खाली पाहिलं. हरिदास मात्र हसला. "तेच म्हणून राह्यलो मी. शिकलो नाई काई."

ते हसू मला अजून दिसतं. त्याचा अर्थ मला पंधरा दिवसांनी कळला.

आषाढाच्या मध्यात लाईन गेली. नाल्याच्या काठचं मोठं झाड तारांवर पडलं, खांब वाकले. पहिल्या दिवशी बॅटरीत होतं तेवढ्यावर निभावलं. शेजारच्या प्रफुलच्या मोटारसायकलला वायर लावून बॅटरी थोडी थोडी भरत दोन दिवस ओढले, मग पेट्रोल संपलं. गावात धनराजचा ट्रॅक्टर होता, पण तो चिखलणीला नाल्यापार गेलेला आणि नाला फुगला. या वेळी रपटा दिसतही नव्हता. नुसतं तांबडं पाणी आणि त्यात वाहत जाणारी झाडं. खाट न्यायची म्हटलं तरी न्यायची कुठून? चाराच्या दोन वाफा केल्या. मग एकच.

पाचव्या दिवशी मी रोवण्याला गेले. लोक म्हणतील, नवरा असा असताना गेली कशी. हरिदासनंच पाठवलं. "घरी बसून माह्या तोंडाकडं पाह्यशीन, त्याच्यानं वाफ निघते का? जा." पऱ्हे जास्त दिवस झाले की कामाचे राहत नाहीत. त्या आठ-दहा दिवसांत गावात कोणाला कोणाकडं पाहायला सवड नसते. वर्षाचा भात त्या दिवसांत चिखलात टोचायचा असतो.

गुणाबाईची बांधी टेकराच्या पायथ्याशी. आम्ही वीसेक बाया रांगेनं, कमरेत वाकलेल्या, डोक्यावरून प्लास्टिकच्या खोळी. रोवताना पावसाकडं पाठ करायची, तोंडावर मार बसत नाही. माझी रोवण्यातली सोबतीण बुधरी माझ्या बाजूला होती. ती एकदम ओरडली आणि हसली, कारण माझी खोळ डोक्यावरून उडाली, बांधीवरून गेली, धुऱ्यावरून गेली आणि लांब बाभळीला जाऊन अडकली.

"पकड वो, तुही साडी बी जाईन आता!"

मी पकडायला उठले आणि उभी राहिले. तशीच राहिले. हवा पाठीवर आदळत होती. पाठीवर, म्हणजे पश्चिमेकडून, टेकरावरून. दर आषाढात इथं खोळी उडतात. दर आषाढात आम्ही हसतो. सव्वीस पावसाळे ही हवा माझ्या पाठीला माहीत होती, तोंडाला नव्हती. मी सांगितली होती ती पूसाची हवा. पूर्वेची. पावसात खळ्यावर कोण जातं?

मी गावाकडं पाहिलं. मनोरा दिसत नव्हता. त्याच्या पुढं सागाचा प्लॉट उभा होता, चाळीस फूट उंच, हिरवागार, एकेक पान सुपाएवढं. उन्हाळ्यातल्या काड्यांची भिंत झाली होती. आणि टेकरावर, जिथं मनोरा आधीपासून उभा होता, तिथलं गवत झोपून गेलं होतं इतकी हवा होती.

हातातले पऱ्हे टाकून मी पळाले.

हरिदास खाटेवर गुडघे धरून बसला होता. मी चिखलाच्या पायांनीच आत गेले. "अवो, तुमच्या कॉइलीत काई गडबड नाई. साग हाय. सागाच्या पानाईनं हवा अडवली. माही चूक झाली, म्या तुम्हाले पूसाची जागा सांगतली."

त्यानं मान वर केली. एका श्वासाला एक-दोन शब्द अशा हिशोबानं तो बोलत होता. "मले... मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"पालवी फुटली... त्या दिसीच... काटा पडला."

"मंग बोलले काऊन नाई? दोन-दोन खेपा उतरवलं, खरवडत बसले..."

"हालवाले... माणसं पायजे. रोवणा... होऊ दे म्हटलं." मग थोडा वेळ नुसता श्वास. "अन् तुनं... सुपाची शपथ... घेतली होती."

बिरजूलाही माहीत होतं. हरिदासनं त्याला सांगितलं होतं, रोवणा उरकला की हलवू, तिला बोलू नको. शिडी धरून खाली पाहत होता तो त्याचमुळं. मी दोघांनाही फार शिव्या दिल्या. हरिदास बोट वर करून दाखवत होता. पहिल्यापासून, पहिल्यापासून.

मी बांधीत परत गेले आणि बायांना सांगितलं. गुणाबाईनं कमरेवर हात ठेवून सगळं ऐकलं. बांधी तिची होती, पऱ्हेही तिचे. म्हणाली, "पऱ्हे दोन दिस पाण्यात ठेवले तं मरत नाई. चाला वो." मग माझ्याकडं वळून, "आम्ही बी मान डोलावली होती, माधवी. एकटी नको घेऊ सगळं."

ती दुपार आणि दुसरा दिवस. खुंटांवरून मनोरा सोडला. सिमेंट असतं तर हललाच नसता. पुरुष सात-आठच मिळाले, बाकी बाया. भिजलेल्या लोखंडाला दोर बांधून आम्ही ते तीन तुकडे चिखलातून टेकरावर ओढले. पाय एक हात पुढं, अर्धा हात मागं. सुकरी कुडाला टेकून उभी होती. या वेळी ती काहीच ओरडली नाही.

टेकरावर जुन्या काँक्रिटमध्ये चार बोल्ट उभे होते. मनोऱ्याचे पाय त्यांच्यावर बसले, टाळ्याला किल्ली बसावी तसे. ज्या कोणी माणसानं चाळीस वर्षांपूर्वी ही जागा ठरवली होती त्याला पावसाची हवा माहीत होती. त्याला फक्त विहिरीचं माहीत नव्हतं.

आता बॅटरी टेकरावर न्यायची होती. घरापर्यंत पुरेल एवढी तार नव्हती. भरायची तिथं आणि डोक्यावर आणायची इथं. बॅटरी एकच. तिच्यात शेवटच्या एका वाफेपुरतं उरलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी हरिदासला ती वाफ दिली. पूर्ण झाली नाही, मध्येच मशीन घरघरून बंद पडलं. पण त्याला थोडं बरं वाटलं. त्यानं टेकून बसायचा प्रयत्न केला.

"नेऊ?" मी विचारलं.

"ने."

"दुपारपर्यंत आणीन."

"भरून आण." आणि मग, "अर्धवट... आणू नको."

हे तो नेहमीसारखं म्हणाला, कामगाराला सांगावं तसं. मी ते आज्ञा म्हणून घेतलं. गुणाबाई त्याच्याजवळ बसली.

दुपारी बारा-साडेबाराला बिरजूनं वर चढून चाकाचा ब्रेक सोडला. मी तसं चाक कधी पाहिलं नव्हतं. मे महिन्यातलं ते काहीच नव्हे. हवा इतकी होती की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मनोरा गुणगुणत होता, पाती नाहीशी झाली होती. मीटरचा काटा उडी मारून वर गेला आणि तिथंच थरथरत राहिला. नऊच्या नऊ कॉइली ठणठणीत. एकही वेढा चुकला नव्हता. बुधरीनं मला मिठी मारली, दोघी चिखलात बसलो.

अडीच वाजता बिरजू म्हणाला, "अर्धी झाली, बाई. नेता का?"

मी काट्याकडं पाहिलं. अर्धवट आणू नको. अजून तासभर ठेवली तर दोन दिवसांची सोय होत होती; परत परत त्याला बिनबॅटरीचा ठेवावा लागला नसता. मी म्हटलं, "राहू दे अजून."

साडेतीनला बॅटरी सोडली. चुंबळ डोक्यावर, चुंबळीवर बॅटरी, बुधरी मागून हात लावून. टेकर उतरताना हवा पाठीला होती, ती ढकलतच होती. सागाच्या आडोशाला आलो तशी बंद झाली. पानही हलत नव्हतं.

लांबून मला गुणाबाई दिसली. ती दारात उभी होती. गुणाबाई कोणाच्या घरी दारात उभी राहत नाही. बसते, नाहीतर आत असते. बुधरीचा हात बॅटरीवरून सुटला. ती म्हणाली, "खाली ठेव, माधवी." मी ठेवली नाही. गुणाबाई बाजूला झाली.

हरिदास टेकून बसलेला होता. चांगला टेकून, कितीतरी दिवसांत बसला नव्हता तसा.

मी बॅटरी उतरवली. लाल वायर लालला, काळी काळीला. वाटीत औषध टाकलं. मागं गुणाबाई म्हणत होती, "माय, राहू दे वो, राहू दे." मी बटण दाबलं. मशीन पहिल्याच दाबाला सुरू झालं, पूर्ण जोरात, कधी नव्हे तसं. नळीतून वाफ आली. मी मुखवटा हातात धरून उभी होते आणि वाफ खोलीभर पसरत होती. पंधरा मिनिटांचं औषध असतं. ते संपेपर्यंत कोणी मशीन बंद केलं नाही.

मातीला गावातल्या संघपालभाऊंनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. नाला उतरला तेव्हा रिना आली. लाईन अकराव्या दिवशी आली. घरातला दिवा एकदम लागला आणि मी त्याला शिवी दिली.

चाक टेकरावर फिरतं. तिथं आता झोपडी बांधली आहे, बिरजू पाहतो, गावाचे फोन तिथंच चार्ज होतात. गावात आणखी दोन घरांत वाफेचं मशीन आलं आहे, दोन्ही माणसं घुग्घुसहून परतलेली. त्यांच्या बॅटऱ्या आम्ही आळीपाळीनं वाहतो. अर्धी झाली की आणतो. भरायची वाट पाहू देत नाही मी कोणाला. बिरजू म्हणतो, बाई, अशानं बॅटरी खराब होते. होऊ दे.

परवा पूसात गुणाबाईचं धान उडवायला खळ्यावर गेलो. येनाचे खुंट उपटले तिथं चार खड्डे आहेत, मी ते बुजवू दिले नाहीत. बाया त्यांना चुकवून चालतात. सागाची पानं गळायला लागली आहेत. मी सूप भरलं, डोक्यावर उचललं आणि थांबले. पूर्वेकडून बांध्यांवरून हवा येताना आधी ऐकू आली, मग तोंडावर लागली. दाणा पायाशी पडू लागला, भुसा गेला.

बरोब्बर तिथंच. म्या सांगितलं होतं तिथंच.